आगाराचा नकाशा कोरा असतानाच आम्हाला बोलवा

प्रति,
महाव्यवस्थापक, शहर परिवहन सेवा,
आणि नव्या आगाराचा आराखडा करणारे सर्व अभियंते व वास्तुरचनाकार

सप्रेम नमस्कार.

आगाराच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर आहे. पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिली गाडी सुरू होते. आधी स्टार्टरची घरघर, मग इंजिन एकदम उचल खातं, हवेच्या टाकीत दाब भरेपर्यंत तसंच धडधडत राहतं आणि शेवटी ब्रेक सुटल्याचा लांब फुस्स आवाज. आमच्या ओळीतल्या कुणालाही हा क्रम तोंडपाठ आहे. माझे वडील याच आगारात एकतीस वर्षं फिटर होते, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजू मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतो आहे.

जुनं आगार पाडून विजेवरच्या गाड्यांसाठी नवं बांधायचं ठरत आहे, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. आज जिथे गाड्या दुरुस्त होतात ती शेड कधीच थकली आहे. पत्रे गळतात, फरशी खचली आहे, जागा कमी पडते म्हणून रात्री निम्म्या गाड्या बाहेरच्या रस्त्यावर उभ्या राहतात. या बांधणीला आमचा विरोध नाही. मागणी एकच आहे, आणि ती मी पत्राच्या शेवटपर्यंत राखून ठेवणार नाही: नकाशा पक्का व्हायच्या आधी आतले कामगार आणि बाहेरचे शेजारी यांना तुमच्या अभियंत्यांसोबत एका टेबलाशी बसवा.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका प्रस्तावासाठी सभा झाली होती. मी गेलो होतो. दालनात मोठ्या फळीवर रंगीत चित्र लावलेलं होतं. काचेची इमारत, गच्चीवर झाडं, खाली चकचकीत बस, आणि त्या बसच्या आसपास एकही माणूस नाही. सभेची वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची. रात्रपाळी करून आलेला मेकॅनिक त्या वेळी झोपलेला असतो आणि सकाळपाळीचा गाडीखाली असतो, त्यामुळे आगारात काम करणारं कुणीही तिथे नव्हतं. चित्रात मागचं फाटक आमच्या गल्लीत उघडत होतं. शाळेची मुलं त्याच गल्लीतून चालत जातात. मी हात वर करून तेवढंच म्हटलं, तर उत्तर मिळालं की आता आराखडा पुढे गेला आहे, सूचना नोंदवहीत लिहा. मी लिहिली. तो प्रस्ताव पुढे बारगळला, पण त्या वहीचं काय झालं हे आजपर्यंत कळलं नाही. यावेळी असं होऊ नये.

कामगारांना का विचारायचं, हे मला एका प्रसंगावरून सांगू द्या. मी आठवीत असेन. वडील चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी शेडमध्ये गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. वडील पिटमध्ये होते. गाडी वर, माणूस खाली खड्ड्यात, असं ते काम. खड्ड्यात घोट्याच्या वर पाणी साचलं होतं, त्यावर तेलाचा तवंग. दोन लोखंडी पेट्यांवर फळी टाकून ते त्या फळीवर उभे होते, आणि हातदिवा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, तारेने टांगलेला. मान डावीकडे वाकडी करून ते एक नट सोडवत होते. मला वाटलं, अवघड नट आहे म्हणून मान वाकडी आहे. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी सांगितलं की तो खड्डा उंच चासीच्या जुन्या गाड्यांसाठी खणला होता. नंतर खालच्या पायरीच्या गाड्या आल्या. प्रवाशांची, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, पण गाडीचं पोट खाली आलं आणि पिटमध्ये सरळ उभं राहायला जागाच उरली नाही. एकतीस वर्षांतली निम्मी वर्षं त्यांनी मान वाकडी करून काढली. निवृत्तीनंतर मानेचा पट्टा सुटला नाही तो नाहीच. गाड्या घेताना पिटची खोली किती लागेल, हा प्रश्न एकाही फिटरला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

तोच प्रसंग आता उलट्या दिशेने यायच्या बेतात आहे. विजेच्या गाडीचं बरंच सामान टपावर असतं. वातानुकूलन तर टपावर असतंच, अनेक गाड्यांच्या बॅटऱ्याही तिथेच बसवलेल्या असतात. म्हणजे जे काम खड्ड्यात होत होतं त्यातलं पुष्कळसं आता छपराजवळ होणार. त्यासाठी शेडची उंची लागते, गाडीच्या दोन्ही बाजूंना टपाच्या पातळीवर पक्का कठडेवाला मचाण लागतो, वरून बॅटरी उचलायला क्रेन लागते, घसरला तर माणसाला धरून ठेवणारा पट्टा आणि तो अडकवायला वर रूळ लागतो. गाडीचं वजनही बॅटरीमुळे वाढतं, त्यामुळे फरशीची जाडी, पिटच्या कडा आणि जॅकची क्षमता नव्याने मोजावी लागते. नारिंगी वेष्टणाच्या ज्या तारा या गाड्यांत दिसतात त्यांतून शेकडो व्होल्ट दाबाची वीज वाहते. तिथे पान्हा लावण्याआधी गाडी वेगळी उभी करायची, वीज तोडायची, कुलूप लावायचं, तपासायचं, मगच हात घालायचा. या कामाला बाकीच्या गर्दीपासून अलग जागा हवी. हे सगळं तुमच्या अभियंत्यांना ठाऊक असेलच. पण मचाणावर चढताना हातात हत्यारांची पेटी असते, हे जो रोज चढणार आहे तोच सांगेल. आणि ज्यांनी आयुष्यभर डिझेलचे पंप आणि इंजेक्टर ओळखले त्यांना नव्या कामाचं शिक्षण इमारत उभी राहण्याआधी द्या. नवं आगार आणि नवी माणसं, जुनी माणसं मात्र कोपऱ्यात, असं होऊ देऊ नका.

महिलांसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि पहाटेच्या पाळीआधी दोन तास पाठ टेकायला खाटा, हे तर मागायलाही लागू नये. तरी लिहून ठेवतो.

आता भिंतीच्या अलीकडचं. आमच्याकडे वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत बारीक काळी भुकटी बसते. झटकली तर पसरते, म्हणून आई ती फुंकून उडवायची. लहानपणी तो नुसता कपड्यांचा त्रास वाटायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्या गटात तंबाखूचा धूर आहे, ॲस्बेस्टॉस आहे. म्हणजे आईच्या फुंकरीने उडणारी ती भुकटी आणि पिटमध्ये तासन् तास इंजिनाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाणारी हवा एकाच जातीची. आगाराच्या प्रश्नावर कामगार आणि शेजारी एका बाजूला का आहेत, ते यावरून लक्षात यावं. आमची भांडणं पार्किंगवरून आणि भोंग्यावरून होतात, पण हवा आमची एकच आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या लोकांनी याच कारणासाठी कित्येक वर्षं लढा दिला. मॅनहॅटनमधली बहुतेक बस आगारं उत्तरेकडच्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वस्तीच्या भागात एकवटलेली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेली 'वी ॲक्ट' ही संघटना हा प्रश्न धसास लावत राहिली. त्यातलंच एक जुनं आगार, ज्याला निराधार बाळांना सांभाळणाऱ्या क्लारा हेल या बाईंचं नाव दिलेलं आहे, पाडून नवं बांधायची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी आपली समिती उभी केली आणि परिवहन खात्याशी चर्चा चालू ठेवली. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवं आगार सुरू झालं. त्याच्या छपरावर हिरवळ आहे, उन्हाच्या उष्णतेचा वापर करणारी भिंत आहे, गाड्या धुण्यासाठी पावसाचं पाणी साठवण्याची सोय आहे. आगार तिथून गेलं नाही. ते तिथेच राहिलं, फक्त शेजाऱ्याला सोसवेल असं झालं. मला हाच शब्द महत्त्वाचा वाटतो. आगार हटवा असं म्हणणारे आमच्यातही आहेत, त्यांच्याशी मी वाद घालतो. शहराला बस हवी तर ती रात्री कुठेतरी झोपणारच, आणि शहराबाहेर झोपली तर सकाळी रिकामी धावत आत येणार.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. तिथलं पोट्रेरो यार्ड १९१५ साली ट्रामगाड्यांसाठी बांधलेलं. पुढे ट्राम गेल्या, वरच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस आल्या आणि त्याच जागेत कोंबल्या गेल्या. सुमारे साडेचार एकर जागा, गळकं छप्पर, भूकंपात टिकेल की नाही याची धास्ती. तिथे बहुमजली आगार उभारून सुमारे पन्नास टक्के जास्त गाड्या ठेवायच्या आणि त्याच जागेवर लोकांना राहायला घरंही बांधायची अशी योजना निघाली. यातली मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: २०१८ पासूनच, म्हणजे बांधकामाला वीट लागण्याच्या कितीतरी आधी, परिवहन खात्याने शेजारपाजारच्या लोकांचा एक कार्यगट नेमला आणि त्याच्या बैठका चालू ठेवल्या. काम सोपं झालं असं मी म्हणत नाही. अशा कामाला वर्षं लागतात, पैशांची गणितं बदलतात, आराखडे बदलतात. पण बदल झाला की तो कुणाला सांगायचा आणि कुणाच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं, हे तिथे ठरलेलं आहे. आपल्याकडे ते ठरलेलं नाही.

घरांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. आगाराची जागा मोक्याची असते, त्यामुळे तिच्यावर मजले चढवून पैसा उभा करायचा मोह कुणालाही होईल. घरं बांधा, दवाखाना बांधा, वाचनालय बांधा, मला आवडेलच. पण इमारतीचे खांब खाली बसच्या वाटेत येतात. बारा मीटरची बस वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापतं, आणि मागचं टोक बाहेर फेकलं जातं. वरच्या घरांच्या खोल्या नीट बसाव्यात म्हणून खांब दीड मीटर सरकला तर खाली एक अख्खी रांग निकामी होऊ शकते. म्हणून आधी खालचा मजला बसच्या मापाने ठरवा, मग वर काय बसतं ते बघा. आज जितक्या गाड्या मावतात त्याहून कमी गाड्यांचं आगार कुठल्याही किमतीला नको, आणि हे करारात आकड्यानिशी लिहिलेलं हवं.

इथे एक सूचना, जिला खर्च जवळजवळ नाही. नकाशा तयार झाला की एखादं मोकळं मैदान घ्या. चुन्याने रांगा आखा, खांबांच्या जागी पिंपं ठेवा, फाटकाच्या जागी दोन काठ्या रोवा. मग आगारातल्याच चार चालकांना गाड्या देऊन आत आणा, धुवायला लावा, पिटवर घ्या, रांगेत उभ्या करा, बाहेर काढा. आम्ही शेजारी कडेला उभे राहतो. किती वेळा रिव्हर्स घ्यावा लागला ते मोजू. रात्री दोन वाजता रिव्हर्सचा टूं-टूं आवाज ज्याने ऐकला आहे त्यालाच कळेल की गाडी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडणारी रचना म्हणजे काय सुख असतं. त्या एका दिवसात नकाशातल्या ज्या चुका सापडतील त्या काँक्रीट ओतल्यावर सापडल्या तर कुणीच दुरुस्त करणार नाही.

विजेचा हिशेब लोकांसमोर मांडा. समजा शंभर गाड्या आहेत आणि प्रत्येकीला रात्रीत दोनशे युनिट भरायचे आहेत. वीस हजार युनिट झाले. शेवटची गाडी आत येणं आणि पहिली बाहेर पडणं यांत जेमतेम पाच तास मिळतात, म्हणजे सरासरी चार मेगावॅटचा भार. याला साधी जोडणी पुरत नाही, वेगळं उपकेंद्र लागतं, आणि ते बांधायला इमारतीइतकाच वेळ जाऊ शकतो. गाड्या आल्या आणि वीज आली नाही, अशी पाळी येऊ नये. अशक्य काही नाही. शेन्झेनने २०१७ संपेपर्यंत सोळा हजारांहून जास्त बस विजेवर आणल्या. पण त्या उपकेंद्रातलं रोहित्र नेमकं कुणाच्या खिडकीखाली गुणगुणणार, हे आम्हाला आधी कळायला हवं.

आगीबद्दल तर मोकळेपणाने बोलणं भाग आहे, कारण लोक घाबरलेले आहेत आणि अफवा फिरतात. २०२१ साली जर्मनीत डुसेलडॉर्फच्या आगारात लागलेल्या आगीत ३८ बस जळाल्या, त्याच वर्षी स्टुटगार्टच्या आगारात २५. भीती दाखवायला हे आकडे देत नाही. गाड्या चिकटून उभ्या असल्या की एकीची आग पंचवीस जणींची होते, मग त्यांत डिझेल असो की बॅटरी. रांगांच्या मध्ये आगरोधक भिंती, पाण्याचे फवारे, बंबाला आत शिरायला वाट, पेटती गाडी ओढून एकटी उभी करायला मोकळा कोपरा, यांतलं काय काय करणार आहात ते नकाशावर बोट ठेवून दाखवा. अग्निशमन दलाच्या जवानाला पहिल्याच बैठकीला बोलवा. तो जे सांगेल त्यावर आम्ही विश्वास ठेवू.

जमिनीखालची गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. इतक्या वर्षांचं सांडलेलं तेल, ग्रीस, बॅटरीचं पाणी, जमिनीतल्या डिझेलच्या टाक्या. खणायला लागाल तेव्हा ती माती वर येईल. खणण्याआधी ती तपासा, निकाल फाटकावर लावा, ट्रकवर ताडपत्री घाला आणि ती माती कुठे टाकणार ते सांगा. दुसऱ्या कुणाच्या वस्तीजवळ ती गुपचूप नेऊन टाकायची असेल तर आम्हाला ते मान्य नाही.

बांधकाम चालेल त्या काळात गाड्या कुठे जाणार? समजा आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या आगारात नेल्या. जाऊन येऊन सोळा, शंभर गाड्यांचे रोजचे सोळाशे किलोमीटर एकही प्रवासी न घेता. त्याचा खर्च कुठून येणार, पहिल्या गाडीची वेळ मागे जाणार का, आणि पहाटे कामावर जाणाऱ्या सफाई कामगाराने, परिचारिकेने तोवर काय करायचं? या प्रवाशांपैकी दोघं-तिघं तरी समितीवर हवेत. त्यांना आगाराची भिंत माहीत नसते, पण भिंतीआड काय बिघडलं ते थांब्यावर उभं राहून त्यांनाच आधी कळतं.

समिती कशी असावी याबद्दल माझा फार आग्रह नाही. फक्त बैठका पाळी बदलायच्या वेळेला, आगारातच, शेडमध्ये घ्या. प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या. नाकारली तर का नाकारली ते एका वाक्यात लिहा, तेवढं पुरतं. आणि उद्घाटन झालं की समिती बरखास्त करू नका. त्यानंतर निदान दोन वर्षं ती चालू द्या, कारण आवाज किती, उजेड कुणाच्या घरात शिरतो, धुण्याचं पाणी कुठे तुंबतं, हे सगळं गाड्या आत आल्यावरच कळतं.

वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. नव्या आगाराचं ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि पिटचा आडवा छेद काढला. पाणी काढायची चर एका बाजूला नको, मधोमध हवी आणि तिच्यावर जाळी हवी. पान्हे ठेवायला खांद्याच्या उंचीवर भिंतीत कोनाडे. दिवे डोक्यावर नको, भिंतीत, कमरेच्या वर, म्हणजे हाताची सावली नटावर पडत नाही. बाहेर पडायला दोन्ही टोकांना जिने, कारण वर गाडी पेटली तर एकाच जिन्याने चौघं निघू शकत नाहीत. मापं त्यांनी इंचात लिहिली आहेत. हा कागद मी पत्राला जोडत आहे. पहिली बैठक ठरेल तेव्हा कृपया दिवस कळवा, त्यांना सोबत घेऊन येतो. त्यांना खुर्ची लागेल.

आपला,
आगाराच्या मागच्या भिंतीलगतचा एक रहिवासी